मुबारक भोंगेवाल्याची जास्तीची ओळ

औरंगाबादेत त्या काळी कुठला कार्यक्रम खरंच होणार आणि कुठला नुसताच होणार होणार म्हणून गाजणार, हे ओळखायची एक सोपी रीत होती. टांग्यावरून मुबारकनं सांगितलं असेल तर होणार. भिंतीवरच्या जाहिराती पानाच्या पिचकाऱ्यांखाली जायच्या, वर्तमानपत्र दुपार कलल्यावर यायचं आणि तेही चार घरांत एक. मुबारक मात्र आपल्या पायांनी दारात यायचा. म्हणजे पाय टांगेवाल्या कडूबाच्या घोडीचे, पण आवाज त्याचा.

हा आवाज गोड होता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो जाडाभरडा होता, थंडीत तर चांगलाच घोगरा व्हायचा. पण प्रत्येक अक्षर सुटं, नीट भाजलेल्या शेंगदाण्यासारखं. टांग्याच्या टपावर भोंगा बांधलेला, पायाशी बॅटरी आणि हातात रुमालात गुंडाळलेला माइक. गुलमंडीत तो मराठी बोलायचा, शहागंजात दखनी, आणि सिटी चौकात दोन्हीकडची माणसं भेटतात म्हणून एक वाक्य या भाषेत, एक त्या. कडूबा म्हणायचा की भाषा कुठं बदलायची हे आपल्या घोडीलाही पाठ झालंय, ती त्या वळणावर आपोआप हळू होते.

धंदा बापाकडून आलेला. बाप रहीम निजामाच्या अमलात डफ वाजवून मुनादी करायचा, म्हणजे सरकारी दवंडी पिटायचा. पोलीस अॅक्शन झाली तेव्हा मुबारक अठरा वर्षांचा होता. हुकूम बदलले, कचेऱ्या बदलल्या, आणि आता कुणाच्या नावानं ओरडायचं हेच रहीमला काही महिने कळेना, म्हणून त्यानं डफ खुंटीला टांगला तो टांगलाच. पोरगा गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून गिऱ्हाईक बोलवायला लागला. पायरीवरचा तो आवाज थेट पैठण गेटापर्यंत जातो असं लोक थट्टेनं म्हणत. टॉकीजच्या एका मॅनेजरनं ती थट्टा खरी मानली, त्याला टांग्यात बसवलं आणि हातात माइक दिला.

पहिल्याच वर्षी मुबारकनं एक सर्कस सांगितली. चार दिवस सांगितली, हत्तीसकट सांगितली. पाचव्या दिवशी लोक पोराबाळांना न्हाऊमाखू घालून मैदानावर गेले, तर तिथं दोन शेळ्या चरत होत्या. सर्कस परभणीहून परस्पर नांदेडला गेली होती, ह्यात मुबारकचा काय दोष? पण पुढं वर्षभर लोक रस्त्यात त्याला हत्तीची ख्यालीखुशाली विचारत राहिले. तेव्हापासून त्यानं स्वतःला एक शिस्त लावून घेतली. कागद हातात आला की आधी जागा पाहून यायची. मांडवाच्या खुंट्या ठोकल्यात का, रखवालदाराला तारीख माहीत आहे का, कुस्त्या असतील तर हौद्यातली माती ओली केली का. कागदावरची एकेक ओळ अशी तपासायची आणि मगच टांग्यात बसायचं. भोंगेवाले शहरात आणखी दोघं होते, पण जागा पाहायला जाणारा हा एकटाच.

हिवाळा ही त्याची सुगी. दिवाळी झाली की कव्वाली, नाटकं, गाण्याच्या बैठका, ऑर्केस्ट्रा, सगळं एकामागून एक लागायचं. ह्या चार महिन्यांत मुबारक आपल्या गळ्याला एखाद्या तान्ह्या बाळासारखं जपायचा. कानाभोवती मफलर, दाढेखाली ज्येष्ठमध, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि पेरू बंद. बाजारात पेरूंचे ढीग लागलेले असताना हा माणूस तोंड फिरवून जायचा. संध्याकाळी घरी आला की गळा मिटून बसायचा. सगळ्या शहराला जो ओरडून ओरडून सांगायचा, तो चेलीपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत खुणांनी पाणी मागायचा. बायको ताहेरा ह्याला सरावली होती. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. नवऱ्यानं सांगितलेल्या कार्यक्रमांपैकी एकाही कार्यक्रमाला ती गेली नव्हती. 'चल' असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं, आणि 'नेता का' असं तिनं कधी विचारलं नव्हतं. मुबारक स्वतःसुद्धा कुठं जायचा? कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी तो दुसऱ्या दिवसासाठी गळा शेकत बसलेला असायचा.

ह्या हिवाळ्यात, मार्गशीर्षाच्या सुरुवातीला, गुलमंडीच्या संगीत मंडळाचा कागद आला. मंडळ म्हणजे चाळीसेक दर्दी लोक. अकरा वर्षं ते एका सभासदाच्या दुकानावरच्या माडीत गाणं ऐकत होते. अध्यक्ष काकासाहेब वकील. माणूस सरळ, पण कागदाचा फार. ह्या वर्षी मंडळानं पहिल्यांदाच छाती केली होती. शाळेचं पटांगण घेतलं होतं आणि कार्यक्रम सगळ्यांना खुला ठेवला होता. गायला येणार होत्या द्वारकाबाई जालनेकर. मूळच्या जालन्याच्या, पुण्यात जाऊन मोठ्या झालेल्या, रेडिओवर घरोघरी पोचलेल्या. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, थंडी वाढायच्या आत संपवायचं असं ठरलं होतं.

मुबारक जाऊन पटांगण पाहून आला. मास्तरांना विचारलं, शिपायाला विचारलं, ओटा चालून बघितला. मंगळवारी टांगा निघाला. "रसिक मंडळी, ऐका! आपल्या जालन्याची लेक आपल्या शहरात येत आहे!" हे वाक्य त्याचं स्वतःचं. लोक दुकानांतून बाहेर आले. बायका खिडक्यांत आल्या. शहागंजातल्या पडद्यांच्या आडून बांगड्यांचे हात दिसले. द्वारकाबाईंना नुसते पुरुषच ऐकत होते असं थोडंच आहे! रेडिओ घरात असतो आणि घरात दिवसभर कोण असतं हे सांगायला नको. मुबारकला वाटलं की ह्या वेळी काही वेगळंच जमून आलंय. मंगळवार झाला, बुधवार झाला, आणि बुधवारी संध्याकाळी तो घरी येऊन गुळण्या करत असताना ताहेरा दाराशी येऊन उभी राहिली.

"सुनो जी," ती म्हणाली, "गल्ली की सतरा औरतां आ रई. मैं भी आ रई. औरतों का इंतजाम स्टेज के कौन से बाजू है?"

मुबारकनं गुळणी थुंकली. पहिल्यांदा त्याला आनंदच झाला, कारण तिनं आपण होऊन काही मागितलं असं त्याला आठवत नव्हतं. आणि द्वारकाबाई म्हणजे तिला काय, हे त्याला ठाऊक होतं. ताहेरा जालन्याची. तिच्या माहेरच्या मोरीची भिंत आणि द्वारकाबाईंच्या घराची मागली भिंत एकच. लहानपणी रोज सकाळी मोरीत भांडी घासताना पलीकडचा रियाज तिनं आठ वर्षं ऐकला. दार मात्र त्यांचं पलीकडच्या गल्लीत उघडायचं, त्यामुळे गाणारी बाई दिसते कशी हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. अजूनही शेजारच्या रेडिओवर तो आवाज लागला की ताहेरा पिठाच्या हातांनी अंगणात यायची आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहायची.

बाजू कुठली हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. त्यानं पटांगण सगळं पाहिलं होतं. ओटा पाहिला होता, पुरुषांच्या गाद्यांची जागा पाहिली होती, पुढं उजव्या अंगाला प्रतिष्ठितांसाठी चार सोफे येणार होते ती जागा पाहिली होती. बायकांची जागा पाहिल्याचं आठवेना. त्यानं खिशातून काकासाहेबांचा कागद काढला, कंदिलाशी धरला, वरून खाली वाचला, मागं उलटून वाचला. बायकांबद्दल एक अक्षर नव्हतं.

झालं होतं ते असं. टॉकीजचा कागद असो, कव्वालीचा असो की नाटकाचा, वीस वर्षं प्रत्येक कागद एकाच ओळीनं संपत आला होता, की महिलांना बसण्याची स्वतंत्र व उत्तम सोय आहे. ती म्हटल्याशिवाय मुबारकची जाहिरात पुरीच व्हायची नाही. संगीत मंडळाच्या कागदावर ती नव्हती, पण तारीख-वेळ सांगून झाल्यावर जिभेनं आपली वाट धरली होती. दोन दिवस, दोन भाषांत, साऱ्या शहरभर. कागदावरची ओळ न् ओळ तपासणारा माणूस, पण कागदावर नसलेली ओळ तो तपासणार कशी?

"दाएं बाजू," तो ताहेराला म्हणाला आणि त्या रात्री त्याला पोळी गोड लागली नाही.

गुरुवारी सकाळीच तो काकासाहेबांच्या घरी जाऊन उभा राहिला. काकासाहेब अंगावर शाल घेऊन कागदपत्रं चाळत होते. मुबारकनं सगळं सांगितलं. लपवाछपवी त्याच्या स्वभावातच नव्हती.

"कागदावर आहे का ही ओळ?" काकासाहेबांनी विचारलं.

"नाय साहेब."

"मग आली कुठून?"

"तोंडातून."

काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला. सभासदांच्या घरच्या बायकांसाठी कडेला दहा खुर्च्या आहेत, त्याहून जास्त जागा नाही, आणि आयत्या वेळी गोंधळ झाला तर शाळा पुन्हा पटांगण देणार नाही, असं त्यांनी मुद्देसूद सांगितलं. बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. "आज टांगा काढा," ते म्हणाले, "आणि जसं सांगितलंत तसंच परत घ्या. बायकांची सोय नाही, एवढं एकच वाक्य. सोपं आहे."

सोपं आहे म्हणे! त्यांना एकदा टांग्यात बसवायला हवं होतं.

मुबारक निघाला. गुलमंडीत बोलू म्हणाला, तर तिथं गर्दी फार होती. सिटी चौकात पुढच्या टांग्याची घंटा वाजत होती. शहागंजात घसा धरल्यासारखा वाटला. कडूबा नुसता मागं वळून वळून पाहत राहिला. असं करत टांगा चेलीपुऱ्याच्या कोपऱ्यावर आला. तिथं आशाबाई मेथीच्या जुड्या मांडून बसायची. तोंडानं फटकळ, पण गल्लीत कुणाचं बाळंतपण असलं तर पहिली हजर. टांगा पाहताच ती उठली.

"ओ मुबारकभाई, रविवारी म्या दुपारीच दुकान उठवनार हाय. वहिदा येती, तिची सासू येती. म्हातारीला जमिनीवर बसवत नाय, तिला टेकायला कायतरी हाय का तिथं?"

बाजूच्या दारातून वहिदा डोकावली. वहिदा म्हणजे दरजी हबीबची नवी सून, दोन महिन्यांत तिचा चेहरा कुणी फारसा पाहिला नव्हता. मागं आणखी तीन-चार जणी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट, की मुबारक सांगतोय म्हणजे आहे. मुबारकनं माइक उचलला. एकच वाक्य बोलायचं होतं. ते ओठापर्यंत आलं आणि त्याला दिसलं की त्या बायकांच्या मागं, आपल्या घराच्या उंबऱ्यात, ताहेरा उभी आहे.

"महिलांना विनंती," भोंगा गरजला, "येताना आपापली सतरंजी आणावी. थंडी आहे, शालही सोबत घ्यावी. महिलांना बसण्याची स्वतंत्र व उत्तम सोय आहे!"

टांगा कोपरा वळल्यावर कडूबा म्हणाला, "भाई, तुमी परत घ्यायला निघालता न्हवं? तुमी तर अजून एक ठोकली की!"

"हौ," मुबारक म्हणाला. "आता ती खरी करायला पायजे." आणि बोलून गेल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं दाढेखालचं ज्येष्ठमध कडाकड चावून खाल्लं.

खरी करायची म्हणजे आधी कनात पाहिजे, कारण पडदा नसेल तर चेलीपुरा आणि शहागंज दारातूनच परत जाणार. शुक्रवारी तो पुंजाराम मंडपवाल्याकडं गेला. पुंजारामनं त्याला चहा दिला, आणि कपाळावर हात मारला.

"मार्गशीर्ष चाललाय भाई. बारा कनाती हायत, बाराच्या बारा लग्नाला. चार तर एकट्या चितेगावला गेल्या. बांबू ने, दोर ने, खड्डे खनायला मी सोता येतो. कापडाचं तेवढं नाव काढू नको."

आता घरी सांगण्यावाचून इलाज नव्हता. संध्याकाळी मुबारकनं ताहेराला समोर बसवलं आणि सगळं ओकून टाकलं. कागद, जीभ, काकासाहेब, कनात. ती मान खाली घालून ऐकत होती. मुबारकला वाटलं, आता हिचे डोळे भरणार. आठ वर्षांचा रियाज आणि अठरा वर्षांचा संसार, आणि शेवटी एक फुकाची सोय. त्याला स्वतःचीच चीड आली.

ताहेरानं मान वर केली. "पूरे शहर कू बोले?"

"पूरे शहर कू."

"फिर तो करनाच पडता," ती म्हणाली आणि चप्पल घालून आशाबाईकडं निघून गेली.

शनिवारी त्या दोघींनी गल्लीतलं एकही घर सोडलं नाही. एका घरातून एक चादर, जिथं चार माणसं तिथं दोन. कुणी पलंगपोस दिला, कुणी नऊवारी लुगडं, हबीबच्या घरून तर सुनेच्या जहेजातला भरतकामाचा पडदा आला. कुणाचं काय हे नंतर भांडण नको म्हणून ताहेरानं प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्या त्या घराच्या रंगाचा दोरा घातला आणि वरच्या काठाला नाड्या शिवल्या. वहिदा मशीनवर बसली होती, ती दुपारपर्यंत उठली नाही. मोजल्या तेव्हा चादरी त्रेपन्न भरल्या. मुबारकनं त्या दिवशी टांगा काढला नाही. तो सुईत दोरा ओवून देत होता, आणि मुख्य म्हणजे गळा न मिटता चार माणसांसारखा बोलत होता.

रविवारी दुपारी पटांगणात बांबू उभे राहिले. खड्डे पुंजारामनं खणले, दोर कडूबानं ताणला. जागेचा प्रश्न मुबारकनं कुणाला न विचारता सोडवला. ओट्याच्या उजव्या अंगाला सगळ्यात प्रशस्त जागा होती. तिथं प्रतिष्ठितांचे चार सोफे मांडले होते. त्यांना घेरूनच पडदा बांधला, म्हणजे पुरुषांच्या बाजूनं पडदा आणि ओट्याच्या बाजूनं मोकळं. बायकांना नुसतं ऐकू येऊन भागणार नव्हतं, दिसायलाही हवं होतं, हे त्याला चांगलं माहीत होतं.

चार वाजता काकासाहेब आले. कडक इस्त्रीचा कोट, खिशात कार्यक्रमपत्रिका. निळ्या, लाल, पट्ट्यापट्ट्याच्या, एका ठिकाणी ठिगळ लावलेल्या त्या त्रेपन्न चादरी वाऱ्यावर फुगलेल्या पाहून ते जागीच थांबले.

"मुबारक, हे काय? वाळत घातलंय का गावाचं धुणं?"

"साहेब, परत घ्यायला गेलो होतो. नाय जमलं."

"न जमायला काय झालं? माइक होता ना हातात?"

"माइक होता साहेब. समोर बाया होत्या."

काकासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. कलेक्टर कचेरीतले दोन साहेब येणार होते, त्यांना काय सांगायचं? पडदा आत्ताच्या आत्ता उतरवा, असं त्यांनी म्हटलंसुद्धा. मुबारकनं दोराला हात घातला नाही. तो तिथंच, पहिल्या बांबूपाशी, हात बांधून उभा राहिला. वीस वर्षांत त्यानं कार्यक्रम करणाऱ्या कुणाचा शब्द मोडला नव्हता.

तेवढ्यात फाटकाशी एक टांगा थांबला. त्यातून काठी टेकत एक म्हातारी उतरली. बगलेत गुंडाळलेली सतरंजी, अंगावर दोन शाली, डोक्यावरचा पदर घट्ट. काकासाहेबांची आई, साळूबाई. पंचाहत्तरीची बाई सरळ चालत आली, पडदा वर केला आणि आत डोकावून पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "हे सोफे उचल बरं इथनं. पाय पसरायला जागा नाय."

"आई, तू कशाला आलीस? थंडी किती आहे!"

"मुबारकनं सांगितलं बायकांची सोय हाय, म्हनून आले. अकरा वर्सं माडीवर गानं ऐकतूस, मला एकदा तरी चल म्हनलास का?"

फाटकातून बायकांची रांग लागली होती. आशाबाई पुढं, तिच्यामागं वहिदा आणि सासू, बुरख्यातल्या, पदरातल्या, सगळ्यांच्या बगलेत सतरंज्या. काकासाहेबांनी कोट काढून ओट्यावर ठेवला आणि सोफ्याचं एक टोक स्वतः धरलं. दुसरं टोक मुबारकनं धरलं. चारही सोफे त्या दोघांनी मागं लिंबाखाली नेऊन ठेवले, आणि कचेरीतले साहेब पुढं तिथंच बसले. एकानं तर घोरून घेतलं असं ऐकिवात आहे.

बायका येतच राहिल्या. पाच वाजेपर्यंत पडदा दोनदा पुरुषांच्या बाजूला सरकवावा लागला, गाणं सुरू झाल्यावर तिसऱ्यांदा. पुरुष कुरकुरले, मग मांड्या आवळून बसले. तिसऱ्या खेपेला कडेचा बांबू पुरता रोवला गेला नाही, तेव्हा मुबारक तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. त्याला ओटा दिसत नव्हता. डोळ्यांसमोर त्याच्याच घरातली पिवळी चादर होती.

द्वारकाबाई ओट्यावर आल्या, तंबोरे लागले. नेहमी समोर दिसायचे ते वकील-व्यापारी समोर होतेच, पण उजव्या हाताला, अगदी जवळ, अडीचशे बायका टक लावून बघत होत्या. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, आपली बैठक जराशी त्यांच्या अंगाला वळवून घेतली आणि सुरू केलं. पुढचे तीन तास मुबारकनं गाणं ऐकलं. आयुष्यात एवढं सलग पहिल्यांदाच. त्यातलं शास्त्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण पडद्याआडून मधूनच एखादीचा 'या अल्ला' यायचा, एखादीचा 'अगं बाई' यायचा, आणि त्या प्रत्येक आवाजाला त्याचं मन भरून यायचं. हात भरून आले होते, दवानं मफलर ओला झाला होता. तो सुखात होता.

आठ वाजता गाणं आटोपलं. चादरी उतरल्या, दोरे पाहून ज्याच्या त्याच्या हातात गेल्या. काकासाहेब आईला टांग्यात बसवताना मुबारककडं पाहून म्हणाले, "पुढच्या कागदावर ती ओळ मी स्वतः लिहीन." एवढंच. पण त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

घरी जाताना बाकीच्या बायका बोलत बोलत पुढं निघून गेल्या. मुबारकच्या खांद्यावर पिवळी चादर होती आणि शेजारी ताहेरा चालत होती. रस्त्यानं नवरा-बायकोनं असं बरोबरीनं चालायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे पावलं कधी मागं, कधी पुढं पडत होती.

"कैसी थी?" शेवटी त्यानं विचारलं.

"मैं समझती थी लंबी होंगी," ताहेरा म्हणाली. "ठिगनी है. मेरे इत्ती. और गाते गाते हसती." मग थोडं चालून झाल्यावर तीच म्हणाली, "सुनो जी. अगला कब है?"

मुबारक थांबला. हा प्रश्न सगळं शहर त्याला विचारायचं. न्हाव्याच्या दुकानात, मशिदीच्या पायऱ्यांवर, मेथी घेताना आशाबाईसुद्धा. घरात आजवर कुणी विचारला नव्हता, आणि त्यानंही कधी आपण होऊन काही सांगितलं नव्हतं. त्यानं खाकरून गळा साफ केला, मफलर सारखा केला, छाती काढली, आणि त्या रिकाम्या रस्त्यात टांग्यावरच्याच आवाजात सुरुवात केली, "हजरात! गौर से सुनिए! आनेवाली पंद्रह तारीख को..."

ताहेरानं त्याच्या बाहीला हात लावला.

"आहिस्ता बोलो जी," ती म्हणाली. "मैं बाजूमेंच हूँ."

मुबारकनं आवाज खाली आणला, आणि हिवाळा संपेपर्यंतचे सगळे कार्यक्रम तिला एकेक करून सांगत तो घराकडं चालू लागला.